फ्रेंच इमर्शनमध्ये गटांगळ्या खाणाऱ्या मुलाला आधार कसा द्यावा

(नवशिक्या पालकांसाठी सोपी मार्गदर्शिका)

सर्वप्रथम अभिनंदन! तुमचं मूल कॅनडातल्या फ्रेंच इमर्शनच्या वर्गात बसतं. घरात फ्रेंचचा गंध नाही, शेजारीपाजारी कुणाला येत नाही, आणि तरी ते दिवसाचा निदान निम्मा वेळ बेरीज-वजाबाकी आणि झाडाचे भाग फ्रेंचमधून शिकत असतं, शू लागल्याची वर्दीही फ्रेंचमधूनच देत असतं. आता नोव्हेंबरात प्रगतीचा कागद घरी आलाय आणि त्यात मादामने (फ्रेंचच्या बाईंना मादाम म्हणायचं, पाठ करून ठेवा) लिहिलंय, की याला थोडा आधार लागेल.

आधार म्हणजे नेमकं काय, ते मादामने लिहिलेलं नाही. काळजी नको, ते आम्ही सांगतो. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनपासून व्हँकुव्हरजवळच्या सरेपर्यंत आपल्या मंडळींनी वर्षानुवर्षं वापरून सिद्ध केलेली ही पद्धत आहे. पायऱ्या क्रमानेच चढा. मधेच मुलाला काही विचारायचा मोह होईल, तो आवरा.

पायरी १. ‘हे सगळं कशासाठी?’ याचं उत्तर घोटून ठेवा

उत्तरं दोन लागतात. पाहुण्यांसाठी: ‘दोन भाषांनी मेंदूचा विकास होतो.’ घरच्यांसाठी: ‘पुढे ओटावात सरकारी नोकरी.’ तिसरंही एक उत्तर आहे, की त्या वर्गात ‘चांगल्या घरची’ मुलं असतात. ते मोठ्याने बोलायचं नसतं, पण प्रवेशअर्ज त्याच्याच जोरावर भरला जातो.

इतिहास कुणी काढलाच, तर थोडा माहीत असावा. हा प्रकार १९६५ साली मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडच्या सेंट लॅम्बर्ट गावात सुरू झाला. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनी बघितलं, की आपली पोरं शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी दोन वाक्यं बोलू शकत नाहीत. त्यांनी शाळामंडळाच्या मागे लागून वर्गच फ्रेंचमधून चालवायला लावला. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्या मुलांचा अभ्यास केला, निकाल उत्तम लागले आणि कल्पना देशभर पसरली. १९६९ साली इंग्रजी-फ्रेंच दोन्ही राजभाषा करणारा कायदा आला, तेव्हा तर तिला पंखच फुटले.

मात्र त्या मुलांच्या खिडकीबाहेर फ्रेंच होतं, हे कुणी म्हणालं तर विषय बदला. तुमच्या खिडकीबाहेर पंजाबी आहे, किराणा दुकानात गुजराती आहे, बसमध्ये तमिळ आहे. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे क्यूबेक सोडून उरलेल्या कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही बोलता येणारी माणसं शंभरात दहासुद्धा भरत नाहीत. ब्रॅम्प्टनमध्ये इमर्शन घ्यायचंच होतं तर पंजाबीचं घेतलं असतं, असा विचार मनात आला तर एक ग्लास पाणी प्या.

आता ओटावातली नोकरी. केंद्र सरकारात द्विभाषिक पदावर काम करणाऱ्यांना द्विभाषिकत्वाचा खास भत्ता मिळतो. आठशे डॉलर. महिन्याला नव्हे, वर्षाला. त्यावर करही पडतो. १९७७ सालापासून ही रक्कम एका सेंटनेही वाढलेली नाही. ऑन्टारिओत इमर्शनच्या मुलाने आठवी संपेपर्यंत निदान ३,८०० तास फ्रेंचमधून शिकावं असा नियम आहे. दोन्ही आकडे एकाच वेळी डोळ्यांसमोर आणू नका, झोप लागणार नाही. द्विभाषिक पदांची दारं उघडतात, बढती मिळते, हे खरं आहे. पण तो सगळा हिशेब ज्याच्या नावावर मांडलाय, त्याचे पुढचे दोन दात अजून यायचेत.

पायरी २. मिळालेली जागा धरून ठेवा

या वर्गात प्रवेश मिळणं सोपं नव्हतं. कुठे नावांची सोडत निघते, कुठे प्रतीक्षायादी असते. व्हँकुव्हरच्या बाजूला एके काळी नावनोंदणीच्या आदल्या रात्री आईबाप शाळेबाहेर थंडीत तंबू ठोकून झोपत. इतक्या मारामारीनंतर मिळालेली जागा केवळ आत बसलेल्याला गुदमरतंय म्हणून सोडायची नसते. सकाळच्या विरार लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पायरी ३. थांबा

मूल वाचत नाही? थांबा. पहिली संपू दे. दुसरीत सगळं जुळून येतं. नाही आलं, तर तिसरीत. ‘फ्रेंच आहे ना, वेळ लागतोच’ हे वाक्य मादाम म्हणेल, मुख्याध्यापक म्हणतील, मराठी मंडळाच्या सहलीत भेटलेल्या तीन आया म्हणतील. इतकी माणसं एकच वाक्य म्हणतात म्हटल्यावर ते खरंच असणार.

थांबण्यात एकच धोका आहे. काही मुलांची अडचण फ्रेंचची नसतेच. शब्दातले ध्वनी सुटे करून ऐकायचे आणि ते अक्षरांना जोडायचे, यातच ती अडखळतात. ही अडचण कुठल्याही भाषेत दिसते, आणि पहिलीतच दिसते. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं, ‘गाडी’शी काय जुळतं, असले खेळ घरी मराठीत केले तरी अंदाज येतो. इंग्रजीतून रीतसर तपासणीही करता येते, फ्रेंच पिकायची वाट बघावी लागत नाही. आणि असल्या अडचणीवर पहिली-दुसरीत मदत मिळाली तर ती चौथीतल्या मदतीपेक्षा पुष्कळ उपयोगी पडते. म्हणून असले खेळ चुकूनही खेळू नका. काही सापडलं तर थांबता येणार नाही.

पायरी ४. गृहपाठाला बसवा

शाळेच्या माहितीसभेत तुम्हाला सांगितलं होतं, की आईवडिलांना फ्रेंच यायची गरज नाही. हे अक्षरशः खरं आहे. गरज फक्त फोनची आहे. संध्याकाळी साडेसात वाजता, ऑफिसातून आल्यावर, कुकरची दुसरी शिट्टी आणि तिसरी शिट्टी यांच्यामध्ये, गृहपाठाच्या कागदावर फोन धरायचा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं थरथरत उमटतात. ‘जंगली प्राण्याला गोल करा’ असं येईल किंवा ‘प्राण्याला जंगली वर्तुळ बनवा’ असं येईल. दोन्ही अर्थांनी सोडवून ठेवा.

मग वाचन. पुस्तक आठ पानांचं असतं, पानावर एक चित्र आणि एक ओळ. पोरगा बोट ठेवतो. शब्द आहे ‘वाझो’, म्हणजे पक्षी. कागदावर मात्र ओ, आय, एस, ई, ए, यू अशी सहा अक्षरं उभी आहेत आणि त्यांतलं एकही स्वतःच्या नावाला जागत नाही. तो ‘ओ’ म्हणतो. थांबतो. ‘ओय’ म्हणतो. मग पुस्तकाकडे बघायचं सोडून तुमच्या तोंडाकडे बघतो, कारण बरोबर-चूक तिथे जास्त स्पष्ट छापलेलं असतं. शेवटी चित्रावर नजर टाकून हळूच म्हणतो, ‘चिमणी?’

इथे तुम्ही ‘वाचून सांग! चित्र बघून नको!’ असं ओरडायचं आहे. चित्रावरून अर्थ काढला आणि तो मराठीत सांगितला, म्हणजे त्याचं डोकं चालतंय, अडलंय ते अक्षरांपाशी, ही माहिती मादामच्या फार कामाची असते. ती कुठेही लिहून ठेवू नका. पडताळून पाहता येईल अशी माहिती जवळ असली की शाळेच्या बैठकीत उगाच वजन येतं.

शुक्रवारी ‘दिक्ते’ असतं, म्हणजे शुद्धलेखनाच्या शब्दांची परीक्षा. गुरुवारी रात्री दहा शब्द घोटून घ्यायचे. शनिवारी सकाळी त्यातला एकही आठवत नाही. हा दोष पद्धतीचा नाही. मुलाचा आहे.

पायरी ५. गणितातही फ्रेंच आहे, हे विसरा

फ्रेंचमध्ये ९७ म्हणताना ‘चार-वीस-दहा-सात’ असं म्हणतात. हसू नका. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी, हे सहज पचवून आपण मोठे झालो. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं सोपं वाचन आणलं, तर टोलेबाजी थेट विधानसभेत पोचली. तेव्हा अवघड आकड्यांबद्दल आपण बोलायलाच नको.

मादाम तोंडी ९७ सांगते, पोर ८० लिहून १७ चा विचार करत बसतं, तोवर पुढचं गणित आलेलं असतं. प्रगतिपुस्तकात गणिताला ‘सी’ येतो. तुम्ही निष्कर्ष काढा, की गणित कच्चं आहे, आणि गणिताची शिकवणी लावा. तेच गणित घरी मराठीत किंवा इंग्रजीत विचारून बघितलं तर पाच मिनिटांत कळेल, की कच्चं नक्की काय आहे. पण शिकवणीचे पैसे आगाऊ भरलेले आहेत.

पायरी ६. घरात फ्रेंच वातावरण निर्माण करा

कॅनडात सीरियलच्या खोक्याची एक बाजू फ्रेंच असते. नाश्त्याला ती बाजू मुलाकडे फिरवून ठेवा. टॅब्लेटवर हिरव्या घुबडाचं ॲप टाका. महिनाभराने मुलाला ‘अस्वल बियर पितं’ या धर्तीचं काहीतरी न चुकता म्हणता येईल. टीव्हीवर काइयू लावा. हा चार वर्षांचा टकलू मुलगा मूळचा क्यूबेकचा आणि अखंड किरकिरतो. फ्रेंच आलं नाही तरी किरकिर नक्की येईल. ‘बेशेरेल’ नावाचं क्रियापदांचं पुस्तक विकत घ्या. त्यात हजारो क्रियापदं चालवलेली आहेत. तुमच्या मुलाला सध्या ‘असणे’ हे एक जमत नाही, तरी घ्या, कपाटात शोभतं.

मग उन्हाळ्यात मॉन्ट्रियलची सहल. कॅफेत मुलाला पुढे करा. तो तीनदा आवंढा गिळून ‘बॉन्जूर’ म्हणेल आणि काउंटरवरची मुलगी त्याच्या उच्चाराकडे एक क्षण बघून अस्खलित इंग्रजीत विचारेल, ‘व्हॉट कॅन आय गेट यू?’ तिथले दुकानदार एका दमात ‘बॉन्जूर-हाय’ म्हणतात, याचा इतका बोभाटा झाला, की २०१७ मध्ये क्यूबेकच्या विधानसभेने ‘नुसतं बॉन्जूर म्हणा’ असा एकमुखी ठराव केला. ठरावाचा परिणाम त्या काउंटरपर्यंत अजून पोचलेला नाही.

पायरी ७. मराठी बंद करा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी, म्हणून सावकाश घेऊ.

मुलाला तीन भाषा झेपत नाहीत, असा साक्षात्कार प्रत्येक घराला होतो. मग एक भाषा कमी करायची ठरते. इंग्रजी काढता येत नाही, फ्रेंच काढायची नाही. उरली ती.

सुरुवात आजीपासून करा. रविवारी सांगलीहून व्हिडिओ कॉल येतो.

‘काय रे सोन्या, काय शिकवलं शाळेत?’

‘आई, त्याच्याशी जरा इंग्रजीतच बोला हं. नाहीतर गोंधळ होतो त्याचा. मादामनेच सांगितलंय.’ (मादामने सांगितलेलं नसतं. पण आजींना मादामशी बोलता येणार नाही.)

‘बरं बाई,’ आजी म्हणतात. चष्मा सारखा करतात. ‘व्हॉट… यू… ईट?’

‘राइस,’ पोरगा म्हणतो आणि कॉल संपतो.

आधी हाच कॉल अर्धा तास चालायचा. कावळ्याचं घर वाहून का गेलं, म्हातारी भोपळ्यात कशी बसली, मग काय झालं, मग पुढे काय झालं. पोरगं मधे प्रश्न विचारायचं, आजी उत्तर लांबवायच्या, गोष्ट आदल्या रविवारपेक्षा वेगळी निघाली की ते आजींना पकडायचं. जिम कमिन्स नावाचे टोरोंटोचे प्राध्यापक १९७० च्या दशकापासून सांगत आलेत, की घरच्या भाषेत मिळवलेली समज वाया जात नाही. गोष्टीचा धागा धरणं, कारण-परिणाम ओळखणं, नवा शब्द आजूबाजूच्या शब्दांवरून ताडणं, हे एका भाषेत जमलं की दुसरीत कामी येतं. म्हणजे या सगळ्या प्रकरणात मुलाला खरी मदत करणारी, फी न घेणारी आणि दर रविवारी वेळेवर हजर राहणारी एकमेव शिक्षिका सांगलीत बसलेली होती.

तिला बंद केलंत. छान. आता झूमवर ताशी चाळीस डॉलरने फ्रेंचची शिकवणी लावा.

पायरी ८. शाळेच्या बैठकीला जा

बैठक वीस मिनिटांची असते आणि खुर्च्या पहिलीच्या मुलांच्या असतात. गुडघे हनुवटीला लागलेल्या अवस्थेत माणूस फारसे प्रश्न विचारत नाही.

शाळा हळुवारपणे सांगेल, की कदाचित तुमच्या मुलाला इंग्रजी वर्ग जास्त मानवेल. तिकडे वाचनाच्या मदतीला जादा शिक्षिका आहे; इकडे नाही, कारण फ्रेंचमधून शिकवणारे शिक्षकच मिळत नाहीत, तर जादा कुठून आणायचे? फ्रेड जेनेसी यांच्यासारख्या संशोधकांनी मात्र दाखवलंय, की अभ्यासात मागे पडणारी मुलं इमर्शनमध्ये राहिली म्हणून त्यांचं इंग्रजी किंवा गणित तशाच इतर मुलांपेक्षा बिघडत नाही. वाचनाची अडचण असेल, तर ती वर्ग बदलला तरी दप्तरातून सोबत येते. म्हणजे मदत मुलाकडे जायच्या ऐवजी मुलाने मदतीकडे चालत जायचं, अशी ही व्यवस्था आहे. यात एक सोय आहे. अडखळणारी मुलं दरवर्षी थोडी थोडी बाहेर पडतात, आणि मग उरलेल्यांकडे बोट दाखवून सगळे म्हणतात, ‘बघा, इमर्शनची मुलं किती हुशार!’ पायरी १ मधलं ते ‘चांगल्या घरची’ मुलांचं तिसरं उत्तर यातूनच आलं होतं, आठवतंय?

बैठकीत पुढील तीन प्रश्न मुळीच विचारू नका. एक: अडचण फ्रेंचची आहे की वाचनाची, आणि हे तुम्ही कशावरून ठरवलं? दोन: याच वर्गात राहून कोणती मदत मिळेल, आठवड्यातून किती वेळा, आणि ते कागदावर मिळेल का? तीन: शाळामंडळाच्या मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी कधी होईल, आणि यादीत नाव आज घालता येईल का? असे प्रश्न विचारणारे पालक कटकटे समजले जातात, आणि त्यांच्याच मुलांची नावं यादीत वर जातात असा अनुभव आहे. खाजगी तपासणीला हजारो डॉलर लागतात, तेव्हा यादी फुकट असली तरी नम्रतेने शेवटी उभे राहा.

पायरी ९. गणपतीत प्रयोग करा

मंडळाच्या गणेशोत्सवात आरती झाली की हमखास कुणीतरी विचारतं, ‘तुमचा एफआयला (म्हणजे फ्रेंच इमर्शनला) ना? अरे वा, बोल बघू काहीतरी!’ हाच तो क्षण. मुलाला मोदकाच्या रांगेतून ओढून पुढे उभं करा. त्याला फ्रेंचमधलं एकच वाक्य संपूर्ण, व्याकरणशुद्ध आणि न अडखळता येतं: ‘एस्क झ पॉ आले ओ त्वालेत?’ सगळे टाळ्या वाजवतील. कुणाला अर्थ कळणार नाही. मुलाला खरोखरच जायचं असण्याची शक्यता दाट आहे.

पायरी १०. माघार घेऊ नका

न्यू ब्रन्सविक हा कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत. तिथल्या सरकारने २००८ मध्ये पहिलीपासूनचं इमर्शन बंद केलं, ओरड झाल्यावर तिसरीपासून ठेवलं, आणि २०१७ मध्ये पुन्हा पहिलीवर आणलं. सरकारला मत बदलता येतं. तुम्हाला येत नाही, कारण सरकारला गणेशोत्सवात कुणी काही विचारत नाही.

आणि हे सगळं करूनही पोरगं रविवारी संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून कोपऱ्यात बसायला लागलं, डॉक्टरला पोटात काही सापडलं नाही, आणि तुम्ही शेवटी वर्ग बदलायचा अर्ज भरलात, तरी फार वाईट वाटून घेऊ नका. ऑन्टारिओत इंग्रजी शाळेतल्या प्रत्येक मुलाला चौथी ते आठवी फ्रेंच हा विषय सक्तीचा आहे, आणि पुढे माध्यमिकचा दाखला मिळवायलाही फ्रेंचचं एक क्रेडिट लागतंच. इमर्शन सुटलं तरी चौथीत मादाम पुन्हा भेटणार आहे. बेशेरेल रद्दीत घालू नका.